उमेदवार पाहण्याचा कार्यक्रम

दिवाणखान्यातले सोफे कुणी हलवले, हा जमुनाबाईंचा त्या सकाळचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर द्यायला घरातला एकही पुरुष पुढे आला नाही.

मोठा सोफा खिडकीपासून उचलून भिंतीला लावला होता. त्याच्या समोर, खिडकीचा उजेड नेमका तोंडावर पडेल अशा बेताने, एकच खुर्ची मांडली होती. टीपॉयवर ठेवणीतल्या काचेच्या बशा निघाल्या होत्या. कैलासवासी जानरावांच्या तसबिरीला ताजा हार पडला होता. जमुनाबाई दारातच थबकल्या. ही मांडणी त्यांना पाठ होती. याच दर्यापुरात, गावंड्यांच्या याच घरात, दोन नणंदा आणि दोन लेकी त्यांनी अशाच खुर्चीत बसवून उजवल्या होत्या. पण आज घरात लग्नाची पोरगी नव्हती. आज येणार होते ते पक्षाचे निरीक्षक.

"कुलदीप," त्यांनी धाकट्याला हाक मारली, "पाहुणे पोरगी पाहाले येऊन राहिले का उमेदवार पाहाले?"

कुलदीप आदल्या दिवशीच बायकोला घेऊन अकोल्याहून आला होता. पडद्याची दोरी ओढता ओढता तो हसला. "आजकाल सारखंच आहे माय ते."

"सारखं नाही," जमुनाबाई म्हणाल्या. "पोरगी पाहाले येणाऱ्याले थोडी तरी लाज असते."

नगराध्यक्षपद या खेपेला महिलेसाठी राखीव झाले, तेव्हा गावात दुसरे नाव निघालेच नव्हते. चहाच्या टपरीपासून बाजार समितीपर्यंत जो तो मायाचेच नाव घेत होता. माया म्हणजे जमुनाबाईंची थोरली सून, खुशालरावांची बायको. दोन वेळा निवडून आलेली नगरसेविका. सभागृहात ती बोलायला उठली की मुख्याधिकारी आपल्या पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडून ठेवत, कारण आता बराच वेळ घसा कोरडा पडणार हे त्यांना ठाऊक असे. नदीपलीकडच्या वस्तीला गोड्या पाण्याची नळजोडणी मिळावी म्हणून तिने नगरपालिकेच्या दारात बायांना घेऊन ठाण मांडले होते. जोडणी मिळाली तेव्हाच ती उठली. खुशालराव पक्षाचे जुने माणूस. त्यांचे घर आणि मायाचे काम, यावर उमेदवारी ठरल्यातच जमा होती.

मग कुलदीपने आपल्या बायकोचा, प्रणालीचा, फोटो पक्षाच्या कार्यालयात पाठवला.

राहायला अकोल्यात असली तरी दोघांची नावे अजून दर्यापूरच्याच मतदार यादीत होती. प्रणाली गोरीपान, सडपातळ, नाकीडोळी नीटस. नवरात्रात हिरव्या शालूतली तिची एक छोटी चित्रफीत कुलदीपने मोबाइलवर टाकली होती आणि ती म्हणे हजारो लोकांनी पाहिली होती. एवढ्या भांडवलावर त्याने वर निरोप धाडला, आणि वरून उत्तर आले की निरीक्षक येऊन दोघींनाही पाहतील.

जमुनाबाई स्वयंपाकघरात गेल्या. माया कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळत होती. तिच्या मागे प्रणाली मोतिया रंगाची साडी नेसून, भिंतीला टेकून, रुसलेल्या नवरीसारखी उभी होती.

"तुले कोणी सांगितलं तळाले?" जमुनाबाईंनी मायाला विचारले.

"ह्यांनी. म्हणे चहा तूच घेऊन ये, म्हणजे आपोआप ओळख होईल."

"अन् तू हो म्हटलं?"

मायाने झारा कढईच्या कडेवर आपटून तेल निथळवले. "आत्याबाई, उमेदवारी हातात पडेपर्यंत चहाच काय, मी भांडीबी घासीन. एकदा पडू द्या."

निरीक्षक गजेंद्रभाऊ आले ते दोन गाड्यांनी. पांढरा शर्ट, मनगटात जाड कडे, सोबत फोटो काढणारा एक माणूस. जमुनाबाईंच्या पाया पडताना त्यांचा हात पायांपर्यंत पोहोचलाच नाही. गुडघ्याच्या आसपास हवेतच नमस्कार झाला. सोफ्यावर बसून त्यांनी खोलीचा, छताचा, जानरावांच्या तसबिरीचा एक फेर नजरेने घेतला आणि म्हणाले, "बोलवा."

प्रणाली आली. खुर्चीत बसली.

"वा," गजेंद्रभाऊ म्हणाले. "वहिनी, जरा उभ्या राहता का? हां, उजेडात. पदर डोक्यावर घ्या. आता कसं, घरंदाज वाटते. बिनपदराचा एक घे रे, तरुण मतदारासाठी." फोटोवाल्याने दोन्ही घेतले. "शिक्षण?"

"एम.एस्सी. कृषी," प्रणाली म्हणाली. "माती अन् पाणी परीक्षण. नदीपलीकडच्या वस्तीतल्या बोअरचे नमुने मी..."

"फर्स्टक्लास. बायोडाटा मजबूत आहे." गजेंद्रभाऊंनी हात वर केला. "ते राहू द्या वहिनी. भाषण आमची टीम लिहून देते. तुमी फक्त हात जोडून उभ्या राहा. तुमचा चेहराच बोलते."

खुशालराव हसले. कुलदीप त्याहून मोठ्याने हसला. प्रणाली हसली नाही. उघडलेले तोंड तिने मिटले आणि ती खाली बसली. जमुनाबाईंच्या कपाळाची शीर एकदा उडाली. पण घरी आलेल्या पाहुण्याला पहिल्या घासाआधी बोलू नये, ही त्यांच्या माहेरची शिस्त होती. त्यांनी हातातल्या माळेचे मणी आवळून धरले.

माया चहाचा ट्रे घेऊन आली. गजेंद्रभाऊंनी कप उचलला तो ट्रेकडे पाहून, वर न पाहता.

"ह्या कोण?"

"ह्या... आमच्या घरच्या," खुशालराव खाकरून म्हणाले. "माया. दोन टर्म नगरसेविका."

"अरे हो हो! नाव ऐकून आहे. काम लय चांगलं आहे वहिनीचं. एक फोटो काढून ठेव रे यांचाबी, वर दाखवाले."

मायाने ट्रे ठेवला आणि पदराला हात पुसत ती सरळ उभी राहिली. "गजेंद्रभाऊ, फोटोच्या अगोदर एक सांगते. नदीपलीकडं जोडणी मिळाली, पण टाकी लहान आहे, उन्हाळ्यात..."

"वहिनी, तोंड मिटून."

"काय?"

"ओठ मिटा जरा. दात येऊन राहिले फोटोत." ते अगदी सहज म्हणाले, जसे एखाद्याने सांगावे की दार लोटून घ्या. "हां, अस्सं. नाही, अजून दिसतात. जाऊ द्या, एका बाजूनं घे रे."

मायाचे दात थोडे पुढे होते आणि त्यांवर तपकिरी पट्टे होते. तिचे माहेर खारपाणपट्ट्यातले. त्या गावच्या विहिरीचे पाणी ज्यांनी लहानपणी प्यायले, त्या साऱ्यांचे दात असेच डागाळले, आणि मोठेपणी कित्येकांच्या किडन्याही गेल्या. मायाचा बाप त्यातच गेला. पाण्यासाठी ती का भांडते, हे तिने सभागृहात कधी सांगितले नव्हते. नदीपलीकडच्या बाया मात्र न सांगता ओळखत होत्या. त्यांच्याही तोंडात तेच पट्टे होते.

माया ओठ मिटून उभी राहिली. फोटो निघाला. आणि जमुनाबाईंनी माळ पदरात टाकली.

"गजेंद्र, उठ."

"अं?"

"उठ म्हटलं. त्या खुर्चीत बस." आवाज चढला नव्हता. या आवाजाने जानराव हयात असताना सालदारच नव्हे, जानरावही उठत. "प्रणाली, तू इकडं ये माह्यापाशी. खुर्ची रिकामी कर पाहुण्याले."

"आजी, चेष्टा करून राहिल्या तुमी," गजेंद्रभाऊ हसत म्हणाले आणि, का कोण जाणे, उठून खुर्चीत बसलेही. उजेड तोंडावर येताच त्यांनी डोळे बारीक केले.

"शिक्षण?"

"आजी..."

"शिक्षण विचारलं."

"बारावी."

"पास?"

गजेंद्रभाऊ मनगटातले कडे फिरवू लागले. फोटोवाल्याने मोबाइल खाली केला.

"उभा राय. पोट आत घे. नाही जात? बरं. आता दारापर्यंत चालून दाखव. लंगडबिंगड आहे का, आमच्यात पाहून घेत असतात. अन् ते डोक्यावरचे चार केस एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कशापायी ओढले? कोणाले फसवून राहिला?"

"माय!" खुशालराव उठले.

"तू बस! तोंड उघड गजेंद्र. उघड. दात दाखव." त्या खुर्चीपर्यंत चालत गेल्या. "दिवसाले किती खर्रे होतात? हिरड्या पाय, जशी काही पिंकदाणी. माह्या सुनेचे दात पाण्यानं गेले. तुह्ये तंबाखू-सुपारीनं गेले, स्वतःच्या हातानं घोटून घोटून गेले. अन् तू तिले तोंड मिटाले सांगतं? माह्या घरात? माह्याच कपातला चहा पिऊन?"

गजेंद्रभाऊंचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. त्यांनी कप खाली ठेवला, बशी खणकली.

"तुमचं वय पाहून चूप बसतो आजी. पण एक ऐकून घ्या. हे मी नाही ठरवत. लोकं ठरवतात. माणूस कसाबी असला तरी चालते, बाईचा फोटो पाहूनच लोकं बोलतात. चांगली दिसली तरी बोलतात, नाही दिसली तरी बोलतात. पण चांगली दिसली तर बोलता बोलता मत देऊन टाकतात. आमाले निवडून यायचं आहे, समाज सुधरवायचा नाही." ते खुशालरावांकडे वळले. "नाव एकच जाईन. प्रणाली वहिनीचं. तीन वाजेपर्यंत होकार कळवा. नाहीतर गावात दुसरीबी घरं आहेत, अन् तिथं चहा गोड असते."

गाड्या गेल्या. फाटकाबाहेरची धूळ खाली बसायच्या आत घरात आगीचा लोळ उठला.

"वाटोळं केलं माय तू," खुशालराव म्हणाले. "माही सारी उमर गेली पक्षात. सतरंज्या उचलल्या म्या. अन् आज पद दारात आलं तर तू त्याचे दात मोजत बसली."

"दारात तुह्या बायकोचं पद आलं होतं. ते तू चहाच्या ट्रेमध्ये ठेवून दिलं."

"वहिनीचं काम कोण नाकारते?" कुलदीप मध्ये पडला. "पण तिचा तो भाषणातला फोटो फिरला ना मागच्या साली, आ वासलेला? साऱ्या जिल्ह्यानं पाहिला. लोकं हसले. आपण आंधळे आहो का?"

"तू हसला होता का?" मायाने विचारले.

कुलदीप पडद्याकडे पाहू लागला.

खुशालराव बायकोजवळ आले. आवाज त्यांनी मऊ केला. जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याला दावणीकडे न्यावे, तसा. "माया, तू समजदार आहे. विचार कर. खुर्चीत प्रणाली बसली, तरी तिले इथलं काय माहीत? फाइल तूच पाहशील. सभा तूच चालवशील. काम सारं तुह्यंच. फक्त फलकावर..."

"फक्त तोंड तिचं," माया म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच आहे. तोंड तिचं अन् हात माहे. असं देवीचं सोंग असते जत्रेत, मुखवटा एकाचा अन् आत नाचणारा दुसरा. आत घाम कोणाले येते, ते कोणी पाहत नाही."

"अन् मुखवट्याले कोणी विचारलं?"

सगळे वळले. प्रणाली अजून जमुनाबाईंच्या शेजारीच उभी होती. पदर तिने डोक्यावरून खाली ओढून कमरेला खोचला होता.

"मले विचारलं का कोणी?" ती म्हणाली. "तो फोटो पाठवताना? ती चित्रफीत टाकताना? भाऊजी, त्याच्याखाली लोकं काय लिहितात, वाचलं का तुमी? हे तर वाचत नाहीत, आकडाच पाहतात. 'अशी अध्यक्ष असली तर रोज नगरपालिकेत चक्कर मारीन.' हे त्यातल्या त्यात सभ्य आहे. बाकीचं मी आईसमोर बोलू शकत नाही. हे तुमचे मतदार. उद्या मी एक ठराव मंजूर केला, तर पहिले हे विचारतील, कोणासंग बसून मंजूर केला."

"प्रणाली, घरातलं बाहेर..." कुलदीपने सुरुवात केली.

"बाहेरचंच घरात आणलं तुमी! ताईले म्हटलं तोंड मिट. मले तर उघडायचीच गरज नाही म्हणे. पाच वर्षं मातीचे नमुने तपासले मी, त्याचं नाव घेतलं का त्यानं? तुमी घेतलं?"

जमुनाबाईंना आतून एक कढत समाधान वाटले. धाकट्या सुनेच्या जिभेला धार आहे, हे त्यांना आजवर कळले नव्हते. आणि आपल्या बाजूने दोघी उभ्या आहेत, हे पाहून त्यांची मान ताठ झाली. त्या जानरावांच्या तसबिरीखाली जाऊन उभ्या राहिल्या. या घरातले निकाल नेहमी तिथूनच लागत.

"बस्स," त्या म्हणाल्या. "आता माहं ऐका. प्रणालीचं नाव जाणार नाही. पक्ष गेला खड्ड्यात. माया अपक्ष उभी राहीन. अर्ज भराची मुदत उद्यापर्यंत आहे, पण आपण आजच भरू. माह्या सुनेले तोंड मिट म्हणणाऱ्याच्या छातीवर मी तिले उभी करीन. ठरलं."

"नाही ठरलं," माया म्हणाली.

जमुनाबाईंना वाटले, ऐकण्यात चूक झाली.

"उभी राहणार मी. पण तुमच्या ठरवण्यानं नाही." मायाने टीपॉयवरचे कप एकेक करून ट्रेमध्ये ठेवायला घेतले, मग मध्येच थांबली आणि ट्रे तिथेच टाकून सरळ झाली. "आत्याबाई, तुमी त्याले खुर्चीत बसवलं, मले बरं वाटलं. खोटं नाही सांगत. त्याचं पोट पाहिलं, टक्कल पाहिलं, दात पाहिले. पण इतका वेळ बोलल्या तुमी, त्यात माह्या कामाचं एक अक्षर नव्हतं. नळ नाही, टाकी नाही, नगरपालिकेच्या दारात बसलो ते नाही. तो तोंडाचीच गोष्ट करत होता, तुमीबी तोंडाचीच केली. त्याचे दात माह्यापेक्षा खराब निघाले, म्हणून मी जिंकली का? अन् समजा त्याचे दात चांगले असते, तर?"

"माया!" खुशालराव ओरडले. "मायशी बोलून राहिली तू!"

"त्यांच्याशीच बोलते. तुमच्याशी बोलण्यासारखं तुमी काही ठेवलं नाही."

जमुनाबाईंच्या अंगाची लाही झाली. या घरात त्यांना असे कुणी बोलले नव्हते. ना जानराव, ना दीर, ना व्याही. एक सणसणीत शब्द त्यांच्या जिभेवर आला. तो उच्चारण्यापूर्वी मायाच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून त्या क्षणभर थांबल्या. ते सापडले नाही, आणि जिभेवरचा शब्द तसाच राहिला.

मायाने खुंटीवरची स्कुटीची चावी काढली. "प्रणाली, सूचक म्हणून सही करशील?"

"करते ना."

"मी सांगतो, ती कुठंच जाणार नाही," कुलदीप म्हणाला.

"सही माही आहे," प्रणाली म्हणाली आणि चपला पायात सरकवून जाऊबाईच्या मागे निघाली.

"थांबा," जमुनाबाई म्हणाल्या. "मी येते. गाडीनं जाऊ, घराण्याच्या इतमामानं..."

फाटक वाजले. स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला. त्या थांबल्या नव्हत्या.

"खुशाल, गाडी काढ."

खुशालराव सोफ्यावर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. "पक्षाचा माणूस आहो मी माय. अपक्षाच्या अर्जाले माही गाडी दिसली, तर मी संपलो."

"कुलदीप?"

कुलदीप मोबाइल कानाला लावून मागच्या खोलीत गेला. "गजेंद्रभाऊ, जरा दम धरा," एवढे ऐकू आले, आणि दार लागले.

जमुनाबाईंनी दोन्ही मुलांकडे पुन्हा पाहिले नाही. जरीकाठाचा पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घेतला, चपला घातल्या आणि फाटक ओलांडले. या रस्त्यावर त्या पायी निघाल्या, याला किती वर्षे झाली ते त्यांना आठवेना. समोरच्या दुकानातला माणूस गल्ला सोडून उभा राहिला. त्याच्या रामरामाकडे त्यांनी लक्ष दिले नाही. दूर, बसस्टँडकडच्या वळणावर, एका ट्रॅक्टरमागे स्कुटी अडकली होती. त्यांनी हात आडवा करून ऑटो थांबवला. भाडे न विचारता त्या आत बसल्या.

"कुठं जायचं आजी?"

"तहसील. त्या पुढच्या स्कुटीच्या मागं राय. सोडू नको तिले."

ऑटोवाल्याने मान बाहेर काढून पाहिले. "कोणती? ते गोरी बाई बसली, ते?"

"ते नाही," जमुनाबाई म्हणाल्या. "जे चालवून राहिली, तिच्या मागं."